दोन रांगांचा रेडिएटर

अण्णासो पहिलीत माझा विद्यार्थी होता. पाटीवर रेघ वाकडी आली की बाकीची मुलं ती तशीच ठेवून पुढं जायची; हा थुंकी लावून पुसायचा आणि पुन्हा काढायचा. आज तो पंचावन्न वर्षांचा आहे, हुपरीत पैंजण करतो, आणि सवय तीच आहे. कुणाचं एक पैंजण हरवलं की उरलेलं घेऊन माणसं त्याच्याकडं येतात. तो त्याची जोड करून देतो. मग दोन्ही तळहातावर ठेवून विचारतो, "वळखा बघू, ह्यातलं माझं कुठलं?" कुणी बरोबर ओळखल्याचं मला तरी आठवत नाही.

अशा निवांत हाताच्या माणसाला मी यंदा चार महिने सतत चिडलेला पाहिला. त्याचं कारण एक रेडिएटर.

रेडिएटर त्याच्या घरच्या फियाटचा. सत्तर वर्षांपूर्वीची, गोल नाकाची, जुनी माणसं जिला डुक्कर फियाट म्हणायची ती ही गाडी. अण्णासोचे वडील गुंडूआप्पा यांनी ती कोल्हापुरातल्या एका वकिलांकडून घेतली तेव्हा आमच्या भागात दुसरी गाडी नव्हती. तेव्हापासून एक रिवाज पडून गेला. आसपासच्या दोन-चार गल्ल्यांतली लेक सासरी जायची ती फियाटमधून. गुंडूआप्पा भाडं घेत नसत, नारळ तेवढा घेत. ते गेल्यावर अण्णासोनं हे चालू ठेवलं. पण गाडी फार वर्षांपासून तापायची. त्यामुळं मुलीला वेशीपर्यंत न्यायचं आणि तिथून दुसऱ्या गाडीत बसवायचं, असं सुरू झालं होतं. "म्हातारी झाली," असं सगळे म्हणत. अण्णासोही म्हणे.

एक लेक मात्र त्या गाडीत बसली नाही. पूर्णिमा तिचं नाव. तीही माझी विद्यार्थिनी, मागच्या गल्लीतल्या बौद्ध घरातली. तिचे वडील गुंडूआप्पांच्याच कारखान्यात चांदीची तार ओढायला होते, तेवीस वर्षं. चौऱ्याण्णव साली तिचं लग्न ठरलं तेव्हा ते गाडी मागायला आले. गुंडूआप्पा नाही म्हणाले नाहीत. "दिली असती रे," ते म्हणाले, "पर रेडिएटर गळतोय." गाडी कालच माळावरून फिरून आली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वस्तीतली मुलगी गाडीत बसली तर भावकी काय म्हणेल, हे खरं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर गाडीतून काढून घरासमोरच्या कट्ट्यावर ठेवलेला दिसला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा असा. लग्न होईपर्यंत तो तिथंच होता. मी त्या कट्ट्यावर रोज पेपर वाचायला बसत असे. तेव्हाही बसलो. काही बोललो नाही.

पूर्णिमा तीनचाकी टेम्पोतून सासरी गेली. पुढं तिच्या नवऱ्याला हुपरीतच काम लागलं आणि ती माहेरच्या गल्लीत राहायला आली. गेली वीस वर्षं ती आमच्या अंगणवाडीत सेविका आहे. अण्णासोचा नातू राजवीर तिच्याच हाताखाली आहे.

जानेवारीत पूर्णिमाच्या मुलीचं, बँकेत काम करणाऱ्या श्रुतीचं, कबनूरच्या मुलाशी लग्न ठरलं. तारीख निघाली मे महिन्याच्या शेवटच्या रविवारची. राजवीरला अंगणवाडीत सोडायला गेलेला अण्णासो तिथंच बोलून गेला, "पूर्णिमा, श्रुतीला आमच्या फियाटमधनं न्यायाची. येशीपतूर न्हाय, कबनूरला, पार दारापतूर."

पूर्णिमा एका पोराचं वजन करत होती. काट्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "न्या की. रेडिएटर गळत न्हाय न्हवं?"

हे त्यानं मला संध्याकाळी सांगितलं. सांगताना कान लाल झाले होते. "म्या म्हनलो, न्हाय गळत. ठणठणीत हाय."

आठ दिवसांनी त्यानं गाडीवरचं कापड काढलं तर खालची फरशी ओली होती. रेडिएटर गळत होता.

"गुर्जी," तो म्हणाला, "आता हे तिला सांगू कोणच्या तोंडानं?"

खरं बोलायची सोयच उरली नव्हती. दुसरं काहीही बिघडलं असतं, क्लच गेला असता, टायर फुटला असता, तर सांगता आलं असतं.

तांब्या-पितळेचा रेडिएटर. आजवर कुठं पाझरला की अण्णासो स्वतःच झाळण लावून तो बंद करायचा. पैंजणाचे घुंगरू जोडणाऱ्याला ते अवघड नव्हतं. यावेळी त्यानं दिव्याची ज्योत लावली आणि जाळी पिठासारखी गळून पडली. एक भोक बुजवलं की शेजारी दोन पडत. कोल्हापुरात रेडिएटरचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तो बोटानं दाबून पाहिला आणि हात झटकले. "पावणं, ह्येच्यात आता जीव न्हाय. तांब्याची जाळी हिकडं कोण करत न्हाय. ॲल्युमिनियमचा बघा."

मग ॲल्युमिनियमचा शोध सुरू झाला.

मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं फोनवर छातीठोक सांगितलं की त्याच गाडीचा आहे. तीन आठवड्यांनी खोकं आलं. रेडिएटर फियाटचा होता, पण पुढच्या काळातल्या मॉडेलचा. पाण्याची तोंडं उलट्या बाजूला. व्यापारी म्हणाला, पाईप वळवून घ्या. अण्णासोनं फोन ठेवला आणि त्या खोक्यालाच एक लाथ घातली.

दुसरा त्याच्या मुलानं मोबाईलवरून मागवला. चकचकीत, कोरा, आणि वर लिहिलेलं की सगळ्या गाड्यांना बसतो. तो गाडीच्या नाकात शिरेचना. अण्णासोनं पट्टी लावली; चार बोटं जास्त.

"सगळ्यास्नी बसतो म्हंजे कुनालाच बसत न्हाय," तो म्हणाला. "फुकणीचा."

तोवर मार्च संपला होता. अंगणवाडीत राजवीरला सोडायला आता बायडाबाई, त्याची बायको, जात होती. पूर्णिमा काही विचारत नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

बायडाबाई मला म्हणाली, "गुर्जी, माझा गुडघा चार वरसं दुखतोय. त्येच्यासाठी ह्ये असं फिरलं असतं तर मी जोतिबाला पळत जाऊन आले असते."

शेवटी आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, गेलो. मी सोबतीला. तिथं आदर्श नावाचा एक तिशीतला कारागीर ॲल्युमिनियमचं आर्गॉन वेल्डिंग करतो. शब्द मोजून बोलणारा, काम बघून डोकं हलवणारा माणूस. उद्यमनगरची रीत एकच: नमुना द्या, करून देतो. अण्णासोला हे ऐकूनच बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या भाषेत बोललं होतं.

आदर्शनं जुन्या रेडिएटरची वरची टाकी सोडवली, आत बॅटरी मारली, नळ्यांची तोंडं मोजली. मग त्यानं डोकं खाजवलं.

"काका, दोनच रांगा हायत नळ्यांच्या. ह्या इंजनाला तीन असाय पायजेत की."

"नमुन्यात किती हायत?"

"दोन."

"मग दोनच कर."

"पर काका, जागा तिसरीची सोडल्यागत दिसतीया. मी म्हनतो एकदा..."

"हे बघ," अण्णासोचा आवाज चढला, "आमच्या धंद्यात गिऱ्हाईक एक पैंजण घिऊन येतं. दुसरं बरहुकूम करायचं. आपली अक्कल घालायची न्हाय. अक्कल घालनाऱ्यांनीच माझं चार म्हैनं खाल्ल्यात. केसाचा फरक नको मला."

आदर्शनं दोन रांगांचं माप लिहून घेतलं. गिऱ्हाइकानं असं सांगितल्यावर कुठलाही शहाणा कारागीर तेच करतो.

त्यानंतर पंधरवडाभर आम्ही उद्यमनगरच्या चकरा मारल्या. आज गॅस संपला. उद्या जाळी पुण्याहून यायची. परवा सोमवार, सुट्टी. एकदा तर एस.टी.नं पोचलो आणि आदर्श लग्नाला गेलेला. अण्णासो त्याच्या बंद शटरसमोर उभा राहून म्हणाला, "सगळ्या दुनियेची लग्नं लागाल्यात. माझ्याच गाडीचं जमंना."

लग्नाच्या आधीच्या बुधवारी रेडिएटर हातात आला. काम देखणं होतं. अण्णासोनं जुना आणि नवा शेजारी ठेवले, सगळीकडून पट्टी लावली. केसाचा फरक नव्हता. त्यानं आदर्शच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच दुपारी आदर्शला बरोबर घेऊन हुपरीला आला. दोघांनी मिळून रेडिएटर बसवला. मी मागं बसलो आणि आम्ही कोल्हापूरच्या रस्त्याला गाडी काढली.

पाच किलोमीटर गाडी छान गेली. सहाव्याला बॉनेटमधून वाफ निघाली.

गाडी रस्त्याकडेला उसाच्या सावलीत उभी केली. अण्णासो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला. उतरलाच नाही. आदर्श खाली उतरला, सगळं तपासलं, पाणी कुठंच गळत नव्हतं.

"काका, गळत न्हाय," तो म्हणाला. "जाळी पातळ पडतीया. म्या म्हनलोतो."

परत आल्यावर आदर्शनं जुना रेडिएटर उन्हात आणला. नळ्यांची तोंडं ज्या पत्र्यात असतात त्या पत्र्यावर त्यानं पॉलिश पेपर घासला. तांबूस पत्र्यावर हळूहळू फिकट ठिपके उमटायला लागले. एका ओळीत. तिसऱ्या रांगेची बुजवलेली तोंडं.

"काय हात हाय राव," आदर्श म्हणाला. "कुनी बुजवली असतील? मला उजेडात बी दिसली न्हाईत."

अण्णासोनं खिशातून भिंग काढलं. ते त्याच्या खिशात कायम असतं. तो बराच वेळ त्या ठिपक्यांवरून नख फिरवत राहिला.

"ही कानस माझी हाय," तो म्हणाला.

आदर्श गेल्यावर त्यानं मला सांगितलं. चौऱ्याण्णव साली वडिलांनी सांगितलं म्हणून त्यानंच रेडिएटर काढून कट्ट्यावर ठेवला होता. चोवीस वर्षांचा होता. लग्न होऊन गेल्यावर घाईनं परत बसवला, एक बोल्ट ढिला राहिला, आणि पंखा मागच्या रांगेत घुसला. वडील ओरडतील म्हणून त्यानं फाटलेली रांग कापून काढली, वरची-खालची तोंडं झाळली, कानसीनं घासली, पॉलिश केली. कुणाला कळलं नाही. गाडी तेव्हापासून तापायला लागली.

"तू हे विसरलास कसा?" मी विचारलं.

"इसरलो न्हवतो गुर्जी. आठवायचं न्हवतं."

तीन रांगांची जाळी पुण्याहून मागवून रेडिएटर करायला आठ दिवस लागणार होते, आणि हातात होते चार. बायडाबाई व्यवहारी. ती म्हणाली, "भाड्याची झकास गाडी आना. फुलं लावा. कोन बघतंय कुनाची हाय?"

"आन तिला काय सांगू?" अण्णासो ओरडला. "रेडिएटर तापतोय?"

बायडाबाई उठून आत गेली.

गुरुवारी दुपारी त्यानं जुना रेडिएटर खांद्यावर घेतला. "चला गुर्जी," म्हणाला. भर उन्हात आम्ही मागच्या गल्लीत गेलो. पूर्णिमा सोप्यात बसून आहेराच्या साड्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावत होती. अण्णासोनं रेडिएटर तिच्यासमोर ठेवला. बसलासुद्धा नाही.

"पूर्णिमा, तवा ह्यो गळत न्हवता."

तिनं हातातली चिठ्ठी टाचली, साडी बाजूला ठेवली.

"मला ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? टेम्पो तुमच्या कट्ट्यासमोरनंच गेला की. गळका रेडिएटर ठेवलाय आन कट्टा कोरडा ठाक. वल नको व्हय खाली? तार ओढनाऱ्याची पोर मी, येवढं दिसत न्हाय व्हय मला?" मग ती माझ्याकडं वळली. "आन गुर्जी तितंच बसून पेपर वाचत हुते. त्यास्नी बी भिजल्यागत वाटलं न्हाय."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं ही मुलगी मला रोज "गुर्जी, बरं हाय न्हवं?" म्हणून विचारत आली होती.

अण्णासोनं सगळं सांगितलं. बोल्ट, पंखा, कापलेली रांग, आणि नवा रेडिएटरही तसाच झाल्याचं. सांगताना तो पुन्हा चिडला, स्वतःवर, आदर्शवर, मुंबईच्या व्यापाऱ्यावर. "गाडी नदीच्या पुलावर बी चढायची न्हाय," तो म्हणाला. "तू म्हनशील तर चांगली दुसरी गाडी..."

"दुसरी गाडी श्रुतीच्या ब्यांकेतली पोरं बी आनत्याल." पूर्णिमानं साड्यांचा ढीग सारला. "हिकडं या. हे बघा."

तिनं अंगणाच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं भिंतीला टेकवून धुण्याचा एक मोठा दगड उभा होता.

"ह्यो दगड मोरीपाशी हुता. माझ्या बाबानं लग्नाच्या आदल्या दिशी पहारीनं उचकटून हितं आनला. कशाला? तर गाडी दारात वळाय पायजे. तुमच्या आप्पांनी न्हाय म्हनल्यावर बी त्येला वाटत हुतं, येनार गाडी. मागनं त्यो परत लावला न्हाय त्यानं. आईनं आयुष्यभर साध्या फरशीवर धुनं धुतलं." तिनं दगडावरची नजर काढली. "कबनूरपतूर जाती का न्हाय, ते मागनं बघू. गाडी दारात लागाय पायजे. तापली तर थांबू. नदीला पानी हाय न्हवं?"

अण्णासोनं रेडिएटर उचलला. "हाय," एवढंच म्हणाला.

रविवारी लग्न झालं, जेवणं झाली, आणि चारच्या सुमारास फियाट मागच्या गल्लीत शिरली. अण्णासोनं पांढरा शर्ट घातला होता आणि त्याला एवढा घाम आला होता की तो पाठीला चिकटला होता. गाडी पूर्णिमाच्या दारात वळली. तो दगड मोरीपाशी असता तर वळली नसती, हे मी पाहिलं. पूर्णिमानंही पाहिलं असणार, पण ती पाण्याचे कॅन मोजत होती. पाच होते. नवरा-नवरी मागं बसली. पाठवणीला आई जात नसते. ही मात्र एक कॅन मांडीवर घेऊन पुढं अण्णासोशेजारी बसली. कुणीतरी म्हणालं, "अगं, तू कुठं?" ती म्हणाली, "पानी घालाय नको?" आम्ही बाकीचे मागून टेम्पोत.

गाडी हळू चालली होती, तीसच्या वर नाही. मोटारसायकलवाले हॉर्न वाजवत पुढं जात होते. अण्णासो मला मागून दिसत होता. मान ताठ, नजर तापमानाच्या काट्यावर असणार. अर्धा रस्ता नीट गेला. मग नदीच्या पुलाचा चढ आला, आणि चढाच्या मध्यावर बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला.

मागं रांग लागली. कबनूरहून फोन यायला लागले, कुठं आहात म्हणून. नवरदेवानं कोट काढून खांद्यावर टाकला. श्रुती शालू गोळा करून उतरली आणि बांधावर उभी राहून मैत्रिणींबरोबर फोटो काढायला लागली. अण्णासोनं बॉनेट उघडलं आणि रेडिएटरला, आदर्शला, पुण्याला आणि स्वतःच्या हाताला जे काही म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. झाकण तापलेलं, वीस मिनिटं हात लावता येईना. मग त्यानं फडकं गुंडाळून ते उघडलं. गरम पाणी उसळून बाहेर आलं, त्याच्या पांढऱ्या शर्टावर, बुटांवर, आणि गाडीखालून डांबरावर पसरत पूर्णिमाच्या पायापर्यंत गेलं.

ती बाजूला झाली नाही. चपलेतून अंगठा पुढं काढून तिनं ते पाणी चाचपलं.

"हितं मातूर वल हाय, आण्णा," ती म्हणाली.

अण्णासोनं मान वर केली. चेहरा वाफेनं लाल, कपाळावर काजळी.

"वल काय बघत बसलीस?" तो खेकसला. "कॅन दे हिकडं!"

तिनं दिला. कबनूर अजून सात किलोमीटर होतं.